चौथं वर्ष: आधी ७.३८चा हिशेब

पत्राचा गोषवारा: तालुक्याच्या गावातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं हे पत्र आहे. पाच सत्रांनंतर तिचा सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून दहापैकी सरासरी) ७.३८ आहे आणि सहावं सत्र नुकतंच सुरू झालंय. चौथ्या वर्षाला कोण थांबणार, याची यादी महाविद्यालयाने मागवली आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत: तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं, चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं किंवा त्याच वर्षात संशोधन प्रकल्प करून ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं. विभागप्रमुख म्हणतात, "थांब, रिसर्चच घे." मावसभाऊ म्हणतो, "तीन वर्षांच्या डिग्रीला आता कुणी विचारत नाही." धाकटा भाऊ यंदा बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाणार असल्याने वडील म्हणतात, "अजून एक वर्ष कशाला?" तिला कधी पीएच.डी. करावीशी वाटते, तर कधी औषध कंपनीत नोकरी धरावी असं वाटतं. ती विचारते: "चौथं वर्ष केलं की एम.एस्सी.चं एक वर्ष वाचतं, मग ऑनर्स विथ रिसर्च घेण्यात तोटा काय? आणि ते नाही मिळालं तर माझी पदवी कमी दर्जाची ठरेल का?"

सगळ्यात आधी कॅल्क्युलेटर काढ. घ्यावं की नाही हा प्रश्न तू विचारला आहेस, पण मिळेल का हा त्याच्याआधीचा प्रश्न राहूनच गेलाय.

ऑनर्स विथ रिसर्चसाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. ही अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यातली आहे, त्यामुळे विभागप्रमुखांनी कितीही आग्रह केला तरी ती त्यांच्या हातात नाही. आता तुझा आकडा पाहू. सीजीपीए काढताना प्रत्येक सत्राचा एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) त्या सत्राच्या क्रेडिटने, म्हणजे अभ्यासाच्या ठरलेल्या वजनाने, गुणतात आणि एकूण बेरजेला एकूण क्रेडिटने भागतात. तुझ्याकडे सत्राला २२ क्रेडिट आहेत असं धरते. पाच सत्रांचे ११०. ७.३८ गुणिले ११० म्हणजे ८११.८ गुण तुझ्या खात्यात जमा आहेत. ७५ टक्के म्हणजे ७.५ असं तूर्त धरू. सहा सत्रांनंतर तेवढा हवा असेल तर १३२ क्रेडिटवर ९९० गुण लागतील. उरले १७८.२. त्याला २२ने भागलं की ८.१ येतात. सहाव्या सत्रात एवढा एसजीपीए हवा.

८.१ म्हणजे नेमकं काय, तेही बघ. सगळ्याच्या सगळ्या विषयांत ए, म्हणजे ८, मिळाला तर १७६ गुण होतात. ते पुरत नाहीत. शिवाय एका ४ क्रेडिटच्या विषयात ए प्लस मिळाला तर १८० होतात, जमलं. २ क्रेडिटच्या विषयात मिळाला तर १७८, म्हणजे केसभर कमी. आणि ४ क्रेडिटच्या एखाद्या पेपरात बी प्लसवर घसरलीस तर तेवढ्याच वजनाच्या आणखी एका पेपरात ए प्लस काढून भरपाई करावी लागेल. अवघड आहे, पण हाताबाहेरचं नाही. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत मूल्यमापन यांचे गुण तुझ्या हातात जास्त असतात. जर्नल वेळेवर तपासून घेणं, अंतर्गत चाचणी न बुडवणं ही कंटाळवाणी कामं इथे उपयोगी पडतात.

पण हे सगळं गणित ७.५ म्हणजे ७५ टक्के, या गृहीतकावर उभं आहे. ते कुणी ठरवलं? ग्रेड कार्डाच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात रूपांतराचं सूत्र दिलेलं असतं. काही ठिकाणी सीजीपीएला सरळ दहाने गुणतात. काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. या दुसऱ्या सूत्राने ७५ टक्क्यांना ८.२५ लागतो, आणि तुझ्या बाबतीत त्यासाठी सहाव्या सत्रात १२.६ काढावे लागतील, तेही दहापैकी! म्हणजे सूत्र कोणतं, एवढ्या एका गोष्टीवर तुझा तिसरा पर्याय शिल्लक आहे की नाही ते ठरतं. उद्याच परीक्षा विभागात जा आणि सूत्र विचारून घे. आरक्षित प्रवर्गातून असशील तर या अटीत तुमच्या विद्यापीठाने काही सवलत ठेवली आहे का, तेही त्याच खिडकीवर विचार. ज्यांचा आकडा तुझ्यासारखा काठावर आहे, त्या सगळ्यांनी यादीत नाव देण्याआधी हा हिशेब मांडावा. आकडा जमेल म्हणून नाव दिलं, पण निकालानंतर तो जमला नाही आणि तोवर दुसरीकडचे प्रवेशअर्ज भरायची मुदत गेली, ही फसगत टाळता येण्यासारखी आहे.

आता त्या शब्दाकडे येऊ. ऑनर्स म्हणजे हुशारांची तुकडी आणि बाकीचे उरलेसुरले, असा अर्थ तुझ्या पत्रात ओळीओळीमागे आहे. हा अर्थ आला कुठून, ते समजतं. पुण्याकडे बी.ए.ला एस-१, एस-२ हे एकाच विषयाचे खास पेपर घेऊन 'स्पेशल' करणाऱ्यांचा वेगळा मान असे. दिल्ली-कोलकात्याकडे तर तीन वर्षांच्याच पदवीला ऑनर्स म्हणत आले आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांचं ऑनर्स आणखी निराळं: चार वर्षं सगळ्यांनाच करायची असतात, त्यात साधारण १८ ते २० क्रेडिट जादा केली की पदवीपुढे तो शब्द लागतो. तुझ्यासमोर असलेलं ऑनर्स यांतलं एकही नाही. ते फक्त आठ सत्रं आणि किमान १६० क्रेडिट पूर्ण केल्याचं नाव आहे. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची, पदव्यांच्या पातळ्या ठरवणाऱ्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यातल्या ५.५ या पातळीची. चार वर्षांची पदवी ६ या पातळीची. ५.५वरची पदवी ही सोडून दिलेली ६ नसते. ती स्वतःच पूर्ण पदवी आहे. यूपीएससी, एमपीएससीची राज्यसेवा किंवा बँकांच्या परीक्षा यांना पदवी लागते, ऑनर्स लागत नाही. तेव्हा मावसभावाला सांग, विचारणारे अजून भरपूर आहेत.

"एक वर्ष वाचतं" या वाक्यावर मात्र जरा थांबू, कारण चौथ्या वर्षाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याच्याच आडोशाला बसलेले असतात. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी. मिळून पाच वर्षं. चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाची एम.एस्सी. मिळूनही पाचच. वाचलं काय? काहीच नाही. एम.एस्सी.चं एक वर्ष उचलून पदवीच्या खात्यात टाकलं, एवढंच. आणि पाच वर्षांचा हा हिशेबसुद्धा एक वर्षाची एम.एस्सी. तुला हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या शाखेत प्रत्यक्ष सुरू असेल तरच जुळतो. नियमात ती आहे. पण तुझ्या पोचेतल्या विद्यापीठात ऑरगॅनिक किंवा अ‍ॅनॅलिटिकलला एक वर्षाच्या प्रवेशाच्या जागा किती, त्या कोणत्या निकषावर भरणार, याचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं मिळालं तरच ती आहे असं समज. मिळालं नाही आणि चार वर्षांनंतर पुन्हा दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला बसावं लागलं, तर सहा वर्षं होतील. आयआयटीत जॅम या प्रवेशपरीक्षेतून मिळणारी नेहमीची एम.एस्सी. दोन वर्षांची आहे. तिथे जायचं मनात असेल तर चौथं वर्ष तुझं वर्ष वाचवत नाही, एक वाढवतं. (जॅमचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. भरला नसशील तर यंदाची गाडी गेली.)

उलट बाजूही सांगायला हवी. तीन वर्षांनंतर दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला गेलीस आणि पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तीही पातळी ६ची. म्हणजे आजपासून दीड वर्षाने, काही अडचण येऊन शिक्षण थांबलंच, तर एका वाटेवर तुझ्या हातात चार वर्षांची ऑनर्स असेल आणि दुसऱ्या वाटेवर बी.एस्सी. अधिक पदव्युत्तर पदविका. दुसरी वाट वाईट नाही, आणि तिच्यात एक फायदा असा की तू महाविद्यालय बदललेलं असतं: नवी प्रयोगशाळा, नवे शिक्षक, बहुधा मोठं ग्रंथालय. तालुक्याच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या विभागात एक वर्ष आधी पोचणं, याला मी बरंच वजन देईन.

मग चौथं वर्ष खरोखर कुणाच्या कामाचं? माझ्या मते तिघांच्या. पहिले, ज्यांना पदव्युत्तर न करता थेट पीएच.डी.ला जायचं आहे. आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला एकूण ७५ टक्के असतील तर थेट प्रवेशासाठी पात्र होता येतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळताना ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतो, आणि रसायनशास्त्रासाठी ती परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. पण ही वाट दिसते तेवढी रुंद नाही. त्या परीक्षेत तू दोन वर्षं एम.एस्सी. केलेल्या मुलांबरोबर बसणार, अभ्यासक्रमही त्याच पातळीचा. आणि पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर सहायक प्राध्यापक पदाला नेट किंवा सेट या राज्य पातळीवरच्या परीक्षेच्या जोडीला पदव्युत्तर पदवी आजही लागते. दुसरे, ज्यांना परदेशी जायचं आहे. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आणि बारावीनंतर चार वर्षं झाली की तो हिशेब जुळतो. तिसरे, ज्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयात चांगला गाईड, चालती प्रयोगशाळा आणि पुढे एक वर्षाची एम.एस्सी. हे तिन्ही एका छपराखाली आहे. तू यांतल्या तिसऱ्या गटात आहेस का, हे पत्रावरून कळत नाही. ते शोधणं तुझं काम.

ते कसं शोधायचं, ते सांगते. ऑनर्स विथ रिसर्च चालवायला विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक असावे लागतात, शिवाय प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि संशोधनपत्रिका बघण्याची सोय हवी. आधीपासून पीएच.डी.चं केंद्र असलेल्या विभागाला वेगळी परवानगी लागत नाही. तेव्हा विभागप्रमुखांना आदबीने पण थेट विचार: सर, आपले मान्यताप्राप्त गाईड कोण कोण? ते पुढच्या वर्षी इथेच आहेत ना, की कुणी निवृत्त होतंय? त्यांच्याकडे सध्या पीएच.डी.चे किती विद्यार्थी आहेत, आणि चौथ्या वर्षाचे किती घेणार? माझा विषय कधी ठरेल? उत्तरं चटचट आणि नावानिशी आली तर चांगली खूण. "ते बघू नंतर, तू आधी फॉर्म तर भर" असं आलं, तर तेही उत्तरच आहे. नव्या वर्गाला विद्यार्थी मिळावेत ही विभागाची गरज असते. त्यात वावगं काही नाही, पण त्यांची गरज आणि तुझी गरज एकच आहे असं मात्र धरून चालू नकोस.

आणि प्रयोगशाळेत एक चक्कर मार, पदार्थ ओळखायच्या आणि मोजायच्या यंत्रांची हालत बघायला. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे की त्यावर कापड घातलंय? एचपीएलसी असेल तर तिच्या लॉगबुकात शेवटची नोंद कधीची? आयआर इथेच होतो की नमुने बाहेर पाठवतात, आणि पाठवले तर निकाल किती आठवड्यांनी येतो? बाहेरच्या चाचण्यांचे पैसे कोण भरतं? हे शेवटचं विचारायला मुली लाजतात. लाजू नकोस. एनएमआर चाचणीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरावे लागणार असतील तर ते आजच कळायला हवं.

संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा असतो. प्रयोगाच्या कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरले तर ३६० तास होतात. पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सत्रं, म्हणजे दर आठवड्याला १२ तास, बाकीचे पेपर आणि प्रात्यक्षिकं सांभाळून. प्रकल्प फसतात ते बहुधा बुद्धी कमी पडल्याने नव्हे, वेळापत्रक कोलमडल्याने. विषय जुलैत ठरतो, रसायनांची मागणी ऑगस्टमध्ये जाते, तीन कोटेशनं, खरेदी समिती, सही, पुरवठादार, आणि बाटली हातात पडते दिवाळीच्या सुट्टीत. मग फेब्रुवारीत घाईघाईने घेतलेल्या तीन वाचनांवर (रीडिंगवर) प्रबंध उभा राहतो. यावर उपाय एकच: सहाव्या सत्राच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतच विषय ठरवायचा आणि कपाटात आहे त्या रसायनांवर, खोलीत चालू आहे त्या उपकरणावर होईल असाच निवडायचा.

उदाहरण देते. "कर्करोगावर नवीन संयुगांचं संश्लेषण" हे शीर्षक ऐकायला भारी, पण संयुग तयार झालं हे सिद्ध करायलाच एनएमआर आणि मास या रचना तपासणाऱ्या चाचण्या लागतील, आणि जैविक चाचणी कुठल्या तरी दुसऱ्याच संस्थेच्या मेहेरबानीवर. त्याउलट बाजारातल्या दहा हळद-नमुन्यांतलं कर्क्युमिन यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचं ठरवलं, तर शोषण साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मिळतं, पाच ज्ञात तीव्रतांचा कॅलिब्रेशन आलेख काढता येतो, प्रत्येक नमुना तीनदा मोजून तीस वाचनं होतात, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. परीक्षक विचारतात ते इथलंच: निष्कर्षण, म्हणजे हळदीतून कर्क्युमिन काढून घेणं, पूर्ण झालं हे कशावरून, आलेख सरळ किती, तीन वाचनांत फरक किती. ही उत्तरं देता येणारी मुलगी मोठ्या शीर्षकाच्या मुलीपेक्षा मुलाखतीत जास्त टिकते. लिखाणाचंही लक्षात ठेव: आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे आहे. संदर्भसाहित्याचं प्रकरण शेवटच्या आठवड्यात लिहिणारेच यात सापडतात, कारण तेव्हा दुसऱ्याची वाक्यं आपल्या शब्दांत मांडायला वेळच उरलेला नसतो.

आता रिसर्च नसलेलं ऑनर्स. त्याकडे तू नापासांचा पर्याय असल्यासारखं बघते आहेस. यात प्रकल्पाच्या १२ क्रेडिटऐवजी तेवढ्याच क्रेडिटचं दुसरं काम असतं. महाराष्ट्राच्या आराखड्यात दोन्ही प्रकारांना संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर आहे, आणि साध्या ऑनर्सला ४ क्रेडिटचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. तुला औषध कंपनीची नोकरी खुणावते म्हणतेस ना? मग हे १२० तास तुझ्यासाठी प्रबंधापेक्षा मोलाचे ठरू शकतात. कुरकुंभ, लोटे परशुराम, महाड, तारापूर, यांपैकी कुठल्या औद्योगिक वसाहतीत तुझ्या विभागाचे माजी विद्यार्थी आहेत ते आधी शोध आणि त्यांच्यामार्फत क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत जागा मिळव. महाविद्यालयाने वाटलेलं ओजेटी पुष्कळदा झेरॉक्स काढणं आणि फाइल लावणं यात संपतं. क्यूसीच्या भरतीत विचारतात ते असं: एचपीएलसी स्वतः चालवली आहे का, मोबाइल फेज कशी केलीस, कॉलम कसा धुतलास, नोंदीत चूक झाली तर खोडतेस की एक रेघ मारून सही-तारीख करतेस? हे येणाऱ्या साध्या बी.एस्सी.लाही काम मिळतं, आणि हे न येणारी ऑनर्सवालीही ताटकळते.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पदवी कमी दर्जाची ठरणार नाही. गाईड नसलेल्या, उपकरण बंद असलेल्या विभागातलं ऑनर्स विथ रिसर्च मी तुला साध्या ऑनर्सच्या खाली ठेवायला सांगेन. आणि तुला खरोखर नोकरीच हवी असेल, तर दोन्हींच्या आधी तीन वर्षांची पदवी आणि विश्लेषण उपकरणांवरचं चांगलं प्रशिक्षण.

पण तुला काय हवंय? "कधी हे, कधी ते" असं लिहिलंयस. ते लपवायचं कारण नाही, एकविसाव्या वर्षी तसंच असतं. फक्त संशोधन आवडतं की संशोधक हा शब्द आवडतो, हे तपासायला पूर्ण वर्ष खर्चू नकोस. या सत्रात विभागातल्या एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीबरोबर दर शनिवारी बस, महिनाभर. तीच अभिक्रिया पाचव्यांदा फसल्यावर ती काय करते ते पाहा. तुला कंटाळा आला की कुतूहल वाटलं, यातून बरंच कळेल.

घरच्या बाजूबद्दल. वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. फक्त "अजून एक वर्ष" असं म्हटल्यामुळे चौथं वर्ष जादाचं दिसतं. त्यांच्यासमोर एका कागदावर तीन वाटा मांड: तीन वर्षं करून नोकरी, तीन अधिक दोन, चार अधिक एक. प्रत्येक वाटेवर दर वर्षीची फी, राहण्याचा खर्च आणि पहिला पगार येण्याचं वर्ष लिही. चौथं वर्ष घरून जाऊन-येऊन होणार असेल आणि एम.एस्सी.चं पहिलं वर्ष वसतिगृहात, तर भावाच्या प्रवेशाच्या वर्षात चौथं वर्ष स्वस्त पडेल, हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. तो खरा आहे का ते आकडे सांगतील. फी विचारताना प्रयोगशाळा, परीक्षा आणि प्रकल्प यांचे वेगळे आकार आहेत का ते विचार. शिष्यवृत्ती मिळत असेल तर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या यादीत तुमच्या महाविद्यालयाचं चौथं वर्ष दिसतं का, हे कार्यालयातल्या शिष्यवृत्ती पाहणाऱ्या लिपिकाकडून प्रवेशाआधी खात्री करून घे. अभ्यासक्रमच यादीत नसेल तर अर्ज कशाच्या नावाने भरणार? जाता जाता अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि मिळवलेली क्रेडिट जमा राहतात त्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझी पाचही सत्रं चढली आहेत का, तेही बघ. एखादं सत्र राहिलेलं असतं आणि ते कळतं दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना.

तुझ्यासारखी पत्रं कला आणि वाणिज्य शाखेतूनही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. बी.कॉम.ला सीए किंवा सीएमएचा अभ्यास चालू असेल तर चौथं वर्ष आर्टिकलशिपच्या वेळापत्रकाशी टक्कर घेतं का, ते आधी बघा. कला शाखेत उपकरणांची अडचण नसते, पण गाईडची जास्त असते. इतिहास किंवा मराठीचा प्रकल्प दफ्तरखान्यात किंवा क्षेत्रभेटीला जाऊन करायचा असेल तर तिथली परवानगी मिळायला लागणारे आठवडे त्या ३६० तासांत धरलेले नसतात. आणि कुणाचीही एटीकेटी शिल्लक असेल, तर सातव्या सत्राला प्रवेश मिळतो का, याचा नियम आपल्या विद्यापीठाच्या अध्यादेशात वाचा, वर्गमित्राकडून ऐकू नका.

तुझ्यापुरता क्रम असा ठेव. या आठवड्यात रूपांतराचं सूत्र. पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांशी बोलणं आणि प्रयोगशाळेतली चक्कर. यादीवर नाव द्यायला हरकत नाही, पण फॉर्मवर "प्रवेश निश्चित" असं काही छापलेलं असेल तर सही करण्याआधी दोनदा वाच, आणि तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पुन्हा चौथ्या वर्षाला येता येईल का, याचं उत्तर लेखी माग. काहीही ठरवलंस तरी उन्हाळ्यात निदान दोन विद्यापीठांच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला अर्ज भरून ठेव. सहाव्या सत्राचा निकाल लागून ८.१ आला की नाही हे कळेल, तेव्हा त्यांची मुदत बहुधा संपत आलेली असेल.